चकचकीत ओटा आणि ओलं फडकं

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकलेली, ताटं सिंकमध्ये गेलेली, उरलेली भाजी वाटीत निघालेली. आता पाळी ओट्याची. खरकटं हाताने गोळा करून सिंकच्या जाळीत सारायचं. मग फडकं ओलं करून शेगडीभोवतीचे तेलाचे शिंतोडे, त्याच फडक्याने ओटा, त्याच फडक्याने जेवणाचं टेबल. शेवटी ते पिळून नळावर अडकवायचं. पावसाळ्यात ते सकाळपर्यंत वाळत नाही आणि त्याला एक ओळखीचा कुबट वास येतो. ओटा मात्र आरशासारखा दिसतो. स्वयंपाकघराच्या स्वच्छतेबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो काही वाद झाला, त्यातला बराचसा या फडक्यापाशी येऊन थांबतो. स्वच्छ दिसणारी जागा अन्नासाठी सुरक्षित असते का, आणि नसेल तर मेहनत नेमकी कुठे करायची?

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांपैकी सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं असतात. भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशिया विभागाच्या वाट्याला १५ कोटी आजार आणि पावणेदोन लाख मृत्यू येतात. हे आकडे शेतापासून हॉटेलपर्यंतच्या सगळ्या दूषित अन्नाचे आहेत. त्यातला घरच्या ओट्याचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे आणि तिथूनच मतभेदांना सुरुवात होते.

सोवळं आणि साबण

मराठी घरात स्वयंपाकाच्या शिस्तीचा पहिला आराखडा सोवळ्याचा होता. आंघोळ करून, कुणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर वाळवलेलं वस्त्र नेसायचं. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही. उष्ट्या हाताने वाढायचं नाही, खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. यात आरोग्याचा विचार दडलेला होता असं मानणारा एक पक्ष आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाण्यात शिजवलेला भात-आमटी ‘खरकटी’, तर तळलेला-भाजलेला पदार्थ तितका नाही, हा भेद नासण्याच्या वेगाशी बराच जुळतो. ओलसर अन्नात जंतू भराभर वाढतात, कोरड्यात वाढत नाहीत. लोणच्याच्या बरणीत कोरडा चमचाच घालायचा, हा नियम आजही कुणी खोडून काढणार नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की सोवळ्याचा विषय शुद्धता हा होता, स्वच्छता नव्हे. विटाळ कुणाचा मानायचा हे जात आणि मासिक पाळी ठरवत असे. त्यासाठी लांबचं उदाहरण नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, ते दूध-दह्याबरोबर शेण आणि गोमूत्र कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण घालून ते शुद्ध होतं असं मानणारी व्यवस्था आणि रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवल्यावर उभं राहिलेलं शास्त्र, ही दोन्ही एकाच काळात, एकाच देशात नांदत होती.

सोवळ्यालाच नव्हे, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या कुठल्याही पारखीला एक गोष्ट दिसत नाही. ती आहे धडधाकट माणसाने वाहून नेलेला रोग. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण विषमज्वराची वाहक होती. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. १९०६ मध्ये ऑयस्टर बे इथल्या एका घरात विषमज्वराची लागण झाली आणि जॉर्ज सोपर या तपासनिसाने माग काढला, तेव्हा त्याचा संशय तिने केलेल्या पीच घातलेल्या आइस्क्रीमवर गेला. बाकीचे पदार्थ आचेवरून जात होते, हा जात नव्हता. रोज न्हाऊन धुतलेलं नेसणाऱ्या आचाऱ्याकडूनही नेमकं हेच घडू शकतं.

त्यानंतरचा मोठा बदल विचारांत नाही, बांधकामात झाला. चूल जमिनीवरून ओट्यावर आली. युरोपात मार्गारेट शुटे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी चिंचोळं, मोजूनमापून आखलेलं उभ्याचं स्वयंपाकघर तयार केलं. आपल्याकडे चाळींच्या आणि पुढे ब्लॉकच्या स्वयंपाकघरांत कडाप्प्याचा, मग ग्रॅनाइटचा ओटा आला. धूळ, रांगतं मूल आणि कोंबड्या-मांजरं यांच्यापासून अन्न वर उचललं गेलं, हा फायदा निर्विवाद. पण मोरीही त्याबरोबर वर आली. पूर्वी भांडी घासणं आणि हात-पाय धुणं अन्नापासून चार पावलांवर होत असे. आता मासे धुण्याचं सिंक आणि काकडी चिरायची जागा यांत हातभराचंही अंतर नसतं. या अदलाबदलीची चर्चा मात्र फारशी होत नाही.

सगळं निर्जंतुक, की थोडं मळकं बरं?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तीन भूमिका स्पष्ट होत गेल्या. पहिली जाहिरातींनी घरोघरी पोचवली. जंतू दिसले की मारा, फरशी, ओटा, हात, सगळं जंतुनाशकाने पुसा. या भूमिकेला मोठा धक्का सप्टेंबर २०१६ मध्ये बसला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ घटक असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांची विक्री थांबवली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नाही, हे त्याचं कारण.

दुसरी भूमिका उलट्या टोकाची. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की ज्या मुलांना भावंडं जास्त, त्यांना परागज्वराचा त्रास कमी. लहानपणी जंतुसंसर्ग झालेले बरे, असा तर्क त्यातून निघाला आणि ‘अतिस्वच्छता घातक’ हे वाक्य मासिकांपासून चहाच्या कट्ट्यापर्यंत पसरलं. ‘आम्ही मातीत वाढलो, काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांना आयताच आधार मिळाला.

तिसरी भूमिका या दोन्हींना छेद देते. ग्रॅहम रूक यांनी मांडलं की आपल्या प्रतिकारशक्तीला गरज आहे ती माती, जनावरं आणि माणसं यांच्याबरोबर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची, जुन्या सोबत्यांची. हगवण आणि विषमज्वराच्या जंतूंची नव्हे. सॅली ब्लूमफील्ड आणि त्यांचे सहकारी यापुढे जाऊन म्हणतात की स्वच्छता कमी-जास्त करण्याची गोष्टच नाही, ती नेमकी करण्याची गोष्ट आहे. कच्चं मांस हाताळल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, अन्नाला हात लावण्याआधी, जेवण वाढण्याआधी असे दिवसातले मोजके क्षण पकडायचे. हात, फळी, सुरी, फडकं अशा मोजक्या जागा पकडायच्या. फरशी रोज फिनेलने पुसली नाही म्हणून कुणाचं पोट बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये काढलेली पाच सूत्रं याच वळणाची आहेत: स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि जिन्नस सुरक्षित वापरा. पाचांपैकी घासण्या-पुसण्याचं सूत्र एकच आहे.

आज तज्ज्ञांचं पारडं या तिसऱ्या बाजूला झुकलेलं दिसतं. पण ‘नेमकं’ म्हणजे कुठे, असं विचारलं की पुन्हा फाटे फुटतात.

फळी, घासणी आणि कोंबडी

भाजी चिरायची फळी लाकडी असावी की प्लास्टिकची? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: प्लास्टिकची, कारण ती पाणी पीत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डीन क्लायव्हर आणि त्यांचे सहकारी लाकडी फळी निर्जंतुक कशी करावी हे शोधायला बसले आणि भलतंच हाती लागलं. लाकडावर सोडलेले जंतू काही मिनिटांनी पुन्हा मिळेनात. सुऱ्यांचे चरे पडलेल्या जुन्या प्लास्टिकवरचे मात्र धुतल्यावरही चिकटून राहत. यावर आक्षेपही आले. जंतू लाकडाच्या आत शोषले जातात, म्हणजे ते मेलेच असं नाही. वाद मिटलेला नाही, पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे की चरे पडलेली फळी टाकून द्यावी आणि मांस-मासळीची फळी वेगळी असावी. कोकणातल्या कित्येक घरांत मासळीची विळी पहिल्यापासून वेगळी असते. कारण विचारलं तर वास सांगतात. कारण कुठलंही असो, विळी वेगळी राहते.

भांडी घासायच्या स्पंजाची गोष्ट याहून गाजली. जर्मनीतल्या फुर्टवांगन विद्यापीठाच्या मार्कुस एगर्ट यांच्या गटाने २०१७ मध्ये घराघरांतून १४ वापरलेले स्पंज गोळा केले. त्यांत ३६२ प्रकारचे जीवाणू निघाले. काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमधली संख्या ५० अब्जांच्या पुढे होती. ‘संडासापेक्षा घाण स्पंज’ असे मथळे जगभर झळकले. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक जीवाणू निरोगी माणसाला अपाय करणारे नव्हते आणि नमुना १४ स्पंजांचाच होता. डोकेदुखीचा निष्कर्ष वेगळाच होता. आपण स्पंज नेहमी निर्जंतुक करतो असं सांगणाऱ्यांच्या स्पंजात जीवाणू कमी नव्हते, उलट काही त्रासदायक जातींचं प्रमाण जास्त होतं. संशोधकांनी आठवड्याला स्पंज बदलायचा सल्ला दिला. याआधी, २००७ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने भिजलेला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवल्यास ९९ टक्क्यांहून अधिक जंतू मरतात असं दाखवलं होतं. (भिजलेला हा शब्द महत्त्वाचा आहे. कोरडा स्पंज पेट घेतो.) दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे असू शकतात. प्रयोगशाळेत एकदा मारलेले जंतू आणि घरात महिनाभर पुन्हा पुन्हा वाढणारे जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॉर्वेतल्या नोफिमा या संस्थेच्या संशोधकांनी पुढे स्पंज आणि दांडीचा ब्रश यांची तुलना केली. ब्रश लवकर वाळतो, त्यामुळे त्यावर साल्मोनेला टिकत नाही, तर ओलसर स्पंजात तो मजेत राहतो. म्हणजे खरा मुद्दा वाळण्याचा. या तर्काने उन्हात टाकलेली नारळाची शेंडी किंवा तारेची घासणी सिंकच्या कोपऱ्यात ओल्या वाटीत ठेवलेल्या स्पंजापेक्षा उजवी ठरते. नळावर अडकवलेलं फडकंही त्या स्पंजाच्याच पंगतीला बसतं.

कोंबडीचं प्रकरण तर सवयीलाच हात घालतं. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०१४ मध्ये ‘कच्ची कोंबडी धुऊ नका’ अशी मोहीम काढली, कारण शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर जंतू आजूबाजूला उडतात. शिजवल्यावर ते मरतातच, मग धुऊन पसरवायचे कशाला? मराठी घरात हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही. इथे मटण-चिकन तीन पाण्यांनी धुतलं नाही तर ते घशाखाली उतरत नाही. शिवाय बाजारातल्या कोंबडीला रक्त-पिसं लागलेली असतात, ही तक्रारही खोटी नाही.

अमेरिकी कृषी खात्याने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगातले आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू सापडले आणि २६ टक्के लोकांच्या हातून ते सॅलडच्या पानांपर्यंत पोचले. धुणं वाईट, हे सिद्ध झालं म्हणावं, तर न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू निघालेच. कारण त्यांनी हात नीट धुतले नव्हते. या प्रयोगाचा अर्धाच भाग सांगणारे बरेच भेटतात.

शिळ्या भाताचा प्रश्न

फोडणीचा भात हा मराठी सकाळचा आवडता नाश्ता. शास्त्राच्या दृष्टीने तो स्वयंपाकघरातल्या सर्वांत नाजूक पदार्थांपैकी एक आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतल्या काही जाती उलटी आणणारं विष तयार करतात. ते विष परत गरम केल्याने नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमुळे हे लक्षात आलं. रात्री भात शिजवून तो बाहेरच ठेवायचा, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात, आणि सकाळी तेलावर परतायचा, हा तिथला रिवाज. आपल्या फोडणीच्या भाताची कृती याहून वेगळी नाही.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे: आजी रात्रीचाच भात खायची, तिला काय झालं? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या घरांत उरलेला भात बहुधा ताकात कालवला जाई किंवा पाण्यात आंबवला जाई. आंबवताना आम्लता वाढते आणि अशा आंबट अन्नात बहुतेक रोगजंतूंना डोकं वर काढता येत नाही. इडलीचं पीठ, आंबील, ताक सुरक्षित राहतात ती याच कारणाने. आंबवलेला भात आणि नुसता झाकून ठेवलेला भात दोन्ही शिळेच, पण त्यांची रसायनं निराळी. तापमानाचा नियम सांगायला सोपा आहे: ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा, शिजलेलं अन्न त्यात दोन तासांहून जास्त राहू नये. पाळायला तो कठीण, कारण पातेलंभर भात मधोमध कितीतरी वेळ ऊन राहतो. परातीत पसरून गार करायचा आणि मग फ्रिजमध्ये टाकायचा, हा उपाय पुलाव करणाऱ्या बाईला ठाऊक असतो, तिचं कारण मात्र भात मोकळा राहावा हे.

प्रमाण वाढलं की हाच प्रश्न उग्र होतो. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीला, बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली. खाटा पुरेनात, तेव्हा रस्त्याकडेला दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. भगर दमट हवेत बुरशी धरते. म्हणून राज्याचं अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांआधी पाकीटबंद भगर घ्या, साठवून ठेवू नका, पीठ आयत्या वेळी दळा, असं बजावत असतं. इथे ओटा कितीही घासला तरी उपयोग नाही. धोका जिन्नसात आणि साठवणीत असतो.

बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतला मध्यान्ह आहार खाऊन २३ मुलं दगावली, तेव्हाही जंतूंचा संबंध नव्हता. तेल मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाने दूषित झालेलं होतं. त्यानंतर २०१५ मध्ये मध्यान्ह भोजनाचे नियम आले, अन्नाची प्रयोगशाळेत तपासणी आणि वाढण्याआधी शिक्षकाने चव घेणं यावर भर आला. एखाद्या शिक्षकाला हे बळीच्या बकऱ्यासारखं वाटतं, तर पालकांना त्याच चवीचा धीर येतो.

तांबं, पितळ, सुरई

जुन्या भांड्यांबद्दल बरीच भाबडी विधानं ऐकू येतात, पण काही तपासलेलीही आहेत. पितळी भांड्यातल्या पाण्यात ई. कोलाय जंतू ४८ तासांत मरतात असं ब्रिटनमधल्या रॉब रीड यांच्या गटाने २००५ मध्ये सांगितलं. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात पटकीसह अनेक अतिसारकारक जंतू उरत नाहीत असं दाखवलं. मात्र हे पाण्याबद्दल आहे. चिंच-कोकम घातलेली आमटी कल्हई नसलेल्या पितळेत कळकते, हे आपल्या पणज्यांना प्रयोगाशिवाय माहीत होतं. कल्हईवाले गल्लीतून नाहीसे झाले तसे पितळी टोप माळ्यावर गेले.

भांड्याच्या धातूपेक्षा त्याच्या तोंडाचा आकार महत्त्वाचा, असं सुचवणारा एक जुना अभ्यास कलकत्त्याचा आहे. १९८०च्या दशकात तिथल्या झोपडवस्त्यांत पटकीच्या रुग्णांच्या घरी अरुंद तोंडाची सुरई दिली गेली. तिच्यात हात बुडत नाही. या घरांत इतरांना होणारा संसर्ग जवळपास तीन चतुर्थांशाने कमी झाला. हंड्यात पेला बुडवू नको, ओगराळं वापर, हे घरोघरचं ओरडणंही हेच सांगतं.

कायदा उंबरठ्यापर्यंत

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालचे परवाने-नोंदणीचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि त्यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता तपशिलाने दिली आहे. घरचं स्वयंपाकघर त्यात येत नाही. पण त्याच ओट्यावर चार डबे विकायला निघाले की येतं. पोळी-भाजी केंद्रं, मेस आणि दिवाळीचा फराळ करणाऱ्या बायका अशा दोन्हींच्या सीमेवर उभ्या आहेत. नोंदणीमुळे निदान जबाबदारी ठरते, असं एक मत. अर्ज भरून मिळालेला क्रमांक पाकिटावर छापला म्हणजे हात धुतले जातात असं नाही, हे दुसरं.

काय सुटलेलं नाही

हात धुवावेत यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि तरी ते होत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, २०१८ मध्ये, जेवणाआधी साबणाने हात धुतो असं जेमतेम ३५.८ टक्के कुटुंबांनी सांगितलं. माहिती कमी पडते म्हणून असं होतं का? आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत झालेल्या ‘सुपरअम्मा’ प्रयोगाने वेगळी वाट घेतली. जंतूंचं नावही न काढता, मुलांना चांगलं वळण लावणारी आई असं पात्र उभं केलं, किळस आणि अभिमान यांना हात घातला. सहा महिन्यांनी प्रयोगाच्या गावांत योग्य वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के झालं. इतर गावांत ते ६ टक्के होतं. २०१४ मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा शिकवणीपेक्षा सवय महत्त्वाची मानणाऱ्यांना बळ मिळालं. तरी ३७ म्हणजे निम्मेही नाहीत.

त्याहून अवघड पेच २०१८ चा. पाणी, संडास आणि हात धुणं सुधारल्यावर मुलांचं काय होतं हे पाहणारे मोठे प्रयोग बांगलादेश आणि केनियात झाले. बांगलादेशात अतिसार घटला, केनियात घटला नाही. मुलांची वाढ दोन्हीकडे सुधारली नाही. घराघरातल्या छोट्या उपायांनी भागत नाही, परिसरातच घाण इतकी असते की नळ-गटाराची मोठी कामं हवीत, असं काहींनी यातून काढलं. उपाय पुरेसे काटेकोर पाळले गेले नाहीत, असं इतर म्हणतात.

आणि हे सगळं करणार कोण, हा प्रश्न शोधनिबंधांत क्वचितच येतो. मांसाला वेगळी फळी, दर आठवड्याला नवा स्पंज, फडकं रोज उकळायचं, भात परातीत पसरायचा: प्रत्येक सल्ल्यामागे कुणाची तरी दहा मिनिटं असतात. ती बहुधा घरातल्या बाईची असतात किंवा चार घरची भांडी घासणाऱ्या मावशींची, ज्यांना प्रत्येक घरी तोच ओला स्पंज हातात मिळतो. मराठवाड्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवा हे वाक्यच परकं वाटतं. तिथे ‘टिपी टॅप’ नावाची युक्ती चालते. १९८०च्या दशकात झिंबाब्वेत जिम वॉट यांनी ती लोकप्रिय केली. दोन खांबांच्या मधे भोक पाडलेला पाण्याचा डबा टांगायचा, त्याला दोरी आणि खाली काठी बांधायची. पायाने काठी दाबली की डबा कलतो, घोटभर पाण्यात हात धुऊन होतात, नळाला खरकटा हात लागत नाही. खर्च जवळपास शून्य. शाळांच्या आवारात असे डबे टांगले गेले. प्रकल्प संपल्यावर त्यातले बरेच कोरडे लटकत राहतात, कारण ते रोज भरण्याचं काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं.